‘आपा, नांदेडसे आए क्या?’

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही सहाजण मुंबईला गेलो होतो. मी, मुलांचे अब्बू, तीन मुलं आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना घरात लहानथोर सगळे अम्मीच म्हणतात, म्हणून इथेही अम्मीच लिहिते. अम्मींची हाजीअलीची मन्नत राहिली होती आणि मुलांना समुद्र पाहायचा होता. आमच्या विष्णुपुरीला धरण आहे, पावसाळ्यात गोदावरीचं पाणी नजर पोहोचेल तिथवर पसरतं. पण धाकट्याचं म्हणणं, धरणाला लाटा नसतात.

देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. मी बॅगा मोजत होते, तेवढ्यात एक पन्नाशीचा माणूस समोर आला. पांढरा स्वच्छ कुर्ता, डोक्यावर टोपी, आवाज मऊ. आधी सलाम केला. मग म्हणाला, ‘आपा, नांदेडसे आए क्या? मेरा ससुराल देगलूर का है.’

एवढ्या मोठ्या स्टेशनात, जिथे कुणी कुणाकडे मान वळवून बघत नाही, तिथे देगलूरचं नाव ऐकलं आणि आमचे चेहरे खुलले. अम्मींनी तर देगलूरमध्ये कुठल्या मोहल्ल्यात, असं विचारायलाही सुरुवात केली. त्याने हसून उत्तर टाळलं आणि अम्मींची बॅग उचलली. ‘अम्मीजान, आप नक्को उठाव.’ हाजीअलीला जायचंय म्हटल्यावर म्हणाला, ‘चार सौ दे देना, घर की बात है.’

बाहेर एक मोठी गाडी उभी होती. नंबरप्लेट पांढरी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, पांढरी पाटी खासगी गाडीची, हे मला माहीत होतं. मी ती पाटी पाहिली. बोलले नाही.

वाटेत त्याने एका दुकानापाशी गाडी थांबवली. अत्तर, सुकामेवा, चादरी. ‘देख लो, लेना जरूरी नहीं.’ तिथे चारशे रुपये गेले. हाजीअलीच्या रस्त्यावर उतरलो तेव्हा मुलांच्या अब्बूंनी पाचशेची नोट काढली, आणि तो मऊ आवाज बदलला. चारशे माणशी ठरले होते म्हणे. सहा माणसांचे चोवीसशे. चार बॅगांचे दोनशे वेगळे. हे बोलायला लागले तसा तोही मोठ्याने बोलू लागला, लोक बघायला लागले, आणखी दोन माणसं कुठून तरी येऊन गाडीला टेकून उभी राहिली. अम्मी म्हणाल्या, ‘दे दे बेटा, दर्गे के सामने झगडा नक्को.’ आणि त्यांनी स्वतःच बटवा उघडला. त्यात चादरीसाठी आणि खैरातीसाठी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते. त्यातून सव्वीसशे मोजून घेऊन तो म्हणाला, ‘दुआ में याद रखना, अम्मीजान.’

पैशांपेक्षा हे शेवटचं वाक्य मला अजून झोंबतं.

नंतर हिशेब केला. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे, पुढे किलोमीटरला वीस रुपये आणि काही पैसे. स्टेशनपासून हाजीअली सात-आठ किलोमीटर. म्हणजे एका टॅक्सीचे दीडशे ते पावणेदोनशे. आम्ही सहाजण, दोन टॅक्स्या लागल्या असत्या. एकूण साडेतीनशेच्या आसपास. त्याने सांगितलेले चारशे म्हणजे अगदी रास्त भाव होता! यातच त्याची हुशारी. त्याने दोन हजार सांगितले असते तर आम्ही पुढे गेलो असतो. रास्त आकडा सांगितला, तो कशाचा ते मात्र सांगितलं नाही, आणि विचारायची आमची हिंमत झाली नाही.

हिंमत हा शब्दही बरोबर नाही. भीड पडली. ज्याने अम्मींची बॅग उचलली, सलाम केला, घरची बात म्हटलं, त्याला ‘चारशे म्हणजे सगळ्यांचे मिळून ना?’ असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान केल्यासारखं वाटलं. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवते, वाक्यात उपयोग करायला लावते. उर्दू माध्यमाची मुलं, त्यांना भीड हा शब्द गर्दी या अर्थाने माहीत असतो, म्हणून अर्ध्या वर्गाला वाटतं की गर्दीत गेलं की माणूस भिकारी होतो. मी हसून चूक दुरुस्त करते. त्या दिवशी वाटलं, पोरं काही अगदीच चुकीचं सांगत नव्हती.

इथवरची गोष्ट हसून सोडून देण्यासारखी आहे. खरा घोटाळा आम्ही घरी आल्यावर केला.

आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. दोघं शिकलेले, मी बी.एड., हे नोकरदार, आणि टॅक्सीवाल्याने गंडवलं हे सांगायची लाज वाटली. अम्मींनीही शेजारी सगळ्यांना हाजीअलीचे खजूर वाटले आणि मुंबई किती छान ते सांगितलं. दीड महिन्याने शेजारचे मामू विचारायला आले. मुमानींना तपासणीसाठी मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. पहिल्यांदाच जात होते. ‘कैसा रहता बेटी, कुछ परेशानी?’ मी चहा ठेवता ठेवता म्हणाले, ‘कुछ नहीं मामू, सब अच्छा है.’

त्यांनाही प्लॅटफॉर्मवर सलाम झाला. तेच देगलूर, तोच सासुरवाडीचा धागा. त्यांचे टॅक्सीत बावीसशे गेले. शिवाय त्या माणसाने दवाखान्याजवळ स्वस्त खोली मिळवून देतो म्हणून एक नंबर दिला. त्या नंबरवर नऊ हजार आगाऊ भरले. पत्त्यावर पोहोचले तर तिथे तशी खोलीच नव्हती आणि फोन बंद. तपासणीसाठी जमवलेल्या पैशातला मोठा भाग पहिल्याच दिवशी गेला. चार दिवस राहायचं होतं, दोन दिवसांत अर्धवट तपासण्या करून परत आले. मी मग आमची हकीकत सांगितली. मामू रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पैले बोली होती तो, बेटी...’ आणि गप्प झाले.

म्हणून हे लिहिते आहे. फसवणाऱ्याला आपली भीड एकदा उपयोगी पडते आणि आपली लाज पुढे वर्षानुवर्षं. प्रत्येक घर आपली फसगत उशीखाली दडवून ठेवतं आणि पुढचं घर त्याच दारातून आत जातं.

त्याला आम्ही नांदेडचे हे कसं कळलं, याचा मी बराच विचार केला. त्यात काही करामत नव्हती. प्लॅटफॉर्मवरच्या फलकावर गाडीचं नाव असतं. देवगिरी नांदेडवरून येते. आमच्या एका पिशवीवर नांदेडच्या कापड दुकानाचं नाव छापलेलं होतं. शिवाय आमची बोली. ‘हौ’ आणि ‘नक्को’ दोनदा कानावर पडलं की मराठवाड्याचा मुसलमान ओळखायला वेळ लागत नाही. देगलूर हे नाव त्याने अंदाजाने टाकलं असणार. लातूरच्या माणसाला तो उदगीर सांगत असेल. आणि टिळा लावलेल्या कुटुंबासमोर तोच माणूस किंवा त्याचा जोडीदार ‘रामराम पावणं’ म्हणत असणार, याबद्दल मला शंका नाही.

इथे एका शब्दाविषयी सांगते. अशा माणसाला मराठीत सर्रास भामटा म्हणतात. वर्तमानपत्रात रोज मथळा असतो, ‘भामट्याने घातला गंडा’. मी वर्गात हा शब्द टाळते. शाळेत जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ हे नाव दिसतं. भामटा हे एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१चा कायदा करून अशा कित्येक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं. तो शिक्का कागदावरून १९५२मध्ये पुसला गेला, भाषेतून अजून पुसलेला नाही. हे सोसणं काय असतं ते आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’मध्ये लिहिलं. १९८७चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. एका माणसाने केलं आणि सगळ्या जातीवर शिक्का बसला, ही गोष्ट मुसलमानांना समजावून सांगावी लागू नये.

हे विषयांतर वाटेल, पण तसं नाही. फसवणुकीपासून वाचायचं म्हटलं की आपण पहिली चूक हीच करतो. चेहरा वाचायला जातो. अमक्या भागातले लोक तसले, तमक्या पोशाखाचे असले. मुंबईला निघालेल्या माणसाला गावातले वडीलधारे हेच सांगतात, कुणापासून जपून राहायचं. त्यात अन्याय तर आहेच, पण उपयोगही काही नाही. ज्याने आम्हाला लुटलं तो नेमका असा होता की ज्याच्यापासून जपायचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तो आमच्यासारखा दिसत होता.

आणि ही युक्ती काही मोबाइलच्या जमान्यातली नाही. आपल्या शेजारच्या हिंगोलीत इंग्रजांची आणि निजामाच्या फौजेची छावणी होती, त्या काळातली एक नोंद आहे. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर या अधिकाऱ्याने ठगांवर एक कादंबरी लिहिली, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, १८३९मध्ये. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या बाजारातल्या हरिसिंग नावाच्या व्यापाऱ्याविषयी सांगतो. प्रतिष्ठित माणूस. खुद्द टेलरचा त्याच्याशी व्यवहार होता. या हरिसिंगने मुंबईहून कापड आणायचं म्हणून इंग्रज अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. कापड खरोखरच वाटेवर होतं, फक्त ते दुसऱ्या एका व्यापाऱ्याचं होतं. हरिसिंगने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना वाटेत मारलं, माल त्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः कबूल केलं म्हणून हे कळलं.

कागद खरा होता, चेहरा ओळखीचा होता, दुकान भर बाजारात होतं. मग त्या काळच्या माणसाने ओळखायचं कशावरून?

माझं उत्तर असं की माणूस ओळखायच्या भानगडीत पडूच नये. व्यवहार बघावा. त्यातही एकच गोष्ट बघितली तरी पुष्कळ. सुरुवात कुणी केली? परक्या शहरात जो आपणहून आपल्याकडे आला, त्याला काही विचारू नये. ज्याला आपण निवडलं, त्याला विचारावं.

याच्यामागे साधा हिशेब आहे. मुंबईच्या स्टेशनात हजारो लोक असतात आणि त्यातले बहुतेक चांगले असतात. डोळे मिटून कुणालाही निवडलं, चहावाला, ऑफिसला निघालेली बाई, रेल्वे पोलीस, तर तो ठग असण्याची शक्यता अगदी कमी. पण जो गर्दीतून वाट काढत नेमका तुमच्याकडे आला, त्याने तुम्हाला निवडलेलं असतं. तुमची बॅग, तुमची म्हातारी, तुमचा गोंधळलेला चेहरा बघून निवडलेलं असतं. तो हजारातला कुणीही एक नसतो. कधी एखादा खरंच भला माणूसही आपणहून मदतीला येतो, मान्य. त्याला शुक्रिया म्हणून पुढे गेलं तर त्याचं काही नुकसान होत नाही. भल्या माणसाला वाईट वाटेल या काळजीने आपण किती पैसे घालवले आहेत याचा प्रत्येकाने मनात हिशेब करून पाहावा.

दुसरी गोष्ट भावाची. बॅग गाडीत जाण्याआधी, मोठ्या आवाजात, ‘सहा माणसं, चार बॅगा, सगळं मिळून किती?’ असं विचारायचं. एकदा बॅग डिकीत गेली की भाव करायची ताकद आपल्या हातून गेली. खरं तर काळ्यापिवळ्या टॅक्सीत भाव करायचाच नसतो, मीटर टाकायला सांगायचं असतं. रात्री बारा ते पहाटे पाच एवढ्या वेळात मीटरवर पंचवीस टक्के जास्त घेता येतात, बाकी वेळी नाही. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, त्या वांद्र्याच्या आणि सायनच्या पलीकडे, त्यामुळे स्टेशनाबाहेर कुणी ‘रिक्षा है, सस्ते में’ म्हणत असेल तर तो कशाचा रिक्षावाला ते तुम्हीच ठरवा. आणि आम्ही गेलो तेव्हा इथवर नव्हती पण आता भुयारी मेट्रो आहे, ऑक्टोबर २०२५पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. टर्मिनसपाशीच तिचं स्टेशन आहे. महालक्ष्मीला उतरलं की हाजीअलीला थोडंच अंतर राहतं. मेट्रोचं मशीन कुणाला आपा म्हणत नाही.

बाकीचे प्रकार बहुतेकांना ऐकून माहीत आहेत. तोतया पोलीस वयस्क बाईला अडवतात, पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून कागदात बांधून ठेवा म्हणतात, आणि घरी पुडी उघडली की आत खडे. खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने उतरवायला सांगत नाही, एवढं घरातल्या प्रत्येक म्हातारीला पाठ असलं पाहिजे. कुलाब्याच्या बाजूला एखादी बाई कडेवर मूल घेऊन येते, पैसे नको म्हणते, फक्त दुधाच्या पावडरचा डबा घेऊन द्या. डबा दुकानातून घेतला जातो, आपण वळलो की त्याच दुकानात परत जातो. याने मला जास्त वाईट वाटतं, कारण इथे लोभी माणूस फसत नाही, दिलदार फसतो. आमच्या अम्मी हमखास फसतील. त्यांना मी सांगितलंय की खैरात करायचीच तर माहीमला त्या हॉटेलांमध्ये करा, जिथे गरीब लोक रांगेने बसलेले असतात आणि तुम्ही दिलेल्या पैशांचं जेवण तुमच्यासमोर त्यांच्या पुढ्यात येतं.

खोलीचा प्रकार मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण मामूंचे जास्त पैसे तिथेच गेले. यात शहरात पाऊलही टाकावं लागत नाही. आपण मोबाइलवर अमक्या देवस्थानाचं यात्री निवास, तमक्या दवाखान्याजवळची धर्मशाळा असं शोधतो. सगळ्यात वर जे येतं ते कित्येकदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. हुबेहूब वेबसाइट, खोल्यांचे फोटो, व्हॉट्सॲप नंबर. फोन लगेच उचलतात, अदबीने बोलतात. हल्ली खोल्या भरत आल्यात, अर्धी रक्कम आता भरा. पैसे गेले की पावतीही येते, शिक्क्यासकट. एप्रिल २०२५मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने नेमकं यात्रेकरू आणि पर्यटकांसाठीच इशारा काढला होता, त्यात केदारनाथच्या हेलिकॉप्टरपासून यात्रेच्या ठिकाणांच्या अतिथीगृहांपर्यंत सगळ्याच्या खोट्या बुकिंगचा उल्लेख होता. आम्ही त्यानंतर महिन्याभराने गेलो. तो इशारा आमच्यापैकी कुणी वाचला नव्हता.

इथेही माझी तीच कसोटी. नंबर आपल्याकडे आला की आपण नंबरकडे गेलो? दवाखान्याच्या केसपेपरवर छापलेला नंबर, धर्मशाळेच्या ट्रस्टची स्वतःची वेबसाइट, किंवा तिथे राहून आलेल्या माणसाने दिलेला नंबर, हे आपण शोधलेले नंबर. टॅक्सीवाल्याने दिलेला, फॉरवर्ड होऊन आलेला, जाहिरातीतून उगवलेला, हे आपल्याला शोधत आलेले.

आणि पैसे गेलेच, तर रडत बसण्याआधी १९३० हा नंबर लावायचा. देशभर कुठूनही लागतो. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यांमध्ये अडवता येण्याची आशा असते, दुसऱ्या दिवशी ती फारच कमी होते. मामूंनी तिसऱ्या दिवशी कळवलं, तेही मी सांगितलं म्हणून. आणखी एक. पैसे परत देतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला आणि पिन टाकायला सांगितला, तर तिथेच फोन ठेवा. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. मामूंना तोही फोन आला होता. नऊ हजार परत हवेत ना? मग हा कोड स्कॅन करा. तेव्हा मुमानींनी मोबाइल हातातून काढून घेतला. मुमानी चौथी शिकलेल्या आहेत.

आता जे लिहायचं आहे ते आमच्या गावातल्या काहींना आवडणार नाही.

नांदेडही कुणासाठी तरी मोठं परकं शहर आहे. गुरू गोबिंदसिंगांचं १७०८मध्ये इथे निधन झालं. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून, दिल्लीहून, परदेशातून वर्षभर माणसं येतात. २००८मध्ये गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षं झाली तेव्हा तर अख्ख्या शहराचं रूप पालटलं. दीड-दोन दिवसांचा प्रवास करून थकलेली म्हातारी माणसं आमच्या स्टेशनवर उतरतात. मराठी येत नाही, रस्ता माहीत नाही. गुरुद्वारा दीड-एक किलोमीटरवर.

माझा एक जुना विद्यार्थी रिक्षा चालवतो. हुशार नव्हता, पण वर्गात सगळ्यांच्या आधी सलाम करायचा. मुंबईची गोष्ट सांगितल्यावर तो खूप हळहळला, आणि मग बोलता बोलता सहज म्हणाला, की परवा एका सरदारजीकडून गुरुद्वाऱ्यापर्यंत तीनशे मिळाले. मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाला, ‘टीचर, वो लोगां दुबारा थोडी आते.’

पर्यटकाला सगळे का लुबाडतात याचं उत्तर या एका वाक्यात आहे. गल्लीतला किराणावाला मापात मारत नाही, कारण उद्या तुम्ही परत येणार. मुसाफिर परत येत नाही, तक्रार करायला थांबत नाही, त्याची गाडी सुटायची असते. विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे. किनवट, माहूर, मुखेडकडून येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकाला इथे चहाला, खोलीला, रिक्षाला काय भाव लागतो, ते आपण रोज बघतो. त्याला आपण लूट म्हणत नाही, धंदा म्हणतो.

आपल्याकडे जकात ज्यांना द्यायची त्या आठ प्रकारच्या लोकांत मुसाफिरही आहे. घरी त्याची शेती असेल, दुकान असेल, तरी वाटेत अडकला की त्याचा हक्क लागू होतो. कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, मुतफ्फिफीन. मी त्या मुलाला हे सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि मग विचारलं, ‘लेकिन टीचर, गॅस का भाव मालूम क्या आपको?’ मला गॅसचा भाव माहीत नव्हता. रिक्षाचा हप्ता किती, हेही माहीत नव्हतं. त्याच्याशी बोलणं तिथेच राहिलं. त्याला मी पटवू शकले असं मला वाटत नाही. मात्र तेव्हापासून स्टेशनवर कुणी पंजाबी म्हातारी गोंधळलेली दिसली आणि मी जवळ असले, तर मी लांब उभी राहते. मी आपणहून पुढे गेले तर माझ्याच नियमाने तिने माझ्यावर भरवसा ठेवू नये. तिने मला निवडून विचारलं की सांगते, गुरुद्वाऱ्याला किती द्यायचे.

मुमानींची राहिलेली तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तिकीट देवगिरीचंच निघालं. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात सगळं लिहून दिलं, मेट्रोच्या स्टेशनचं नाव, टॅक्सीचं भाडं, धर्मशाळेचा ट्रस्टकडून खात्री केलेला नंबर, १९३०. मराठीत नको, उर्दूत लिही म्हणाल्या, मग परत लिहिला. मुमानींनी तो घडी करून पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, ‘सब ठीक है बेटी. पन उसने फिर सलाम करा तो? सलाम का जवाब नहीं देना कैसा?’

मी म्हणाले, ‘जवाब देना मुमानी. पूरा देना. पन चलते चलते देना.’